पुनमचा कच्चा फोटो

बसवराजच्या स्टुडिओत त्या दिवशी दोन कंप्युटर शेजारी शेजारी मांडले होते. नवा चपटा, काळा, चालू आहे की बंद ते कळू न देणारा. जुन्याची एक बाजू उघडी होती, आतल्या वायरी बाहेर लोंबत होत्या आणि त्याच्या पोटाशी टेबलफॅन लावून ठेवला होता. मी म्हटलं, "काय रे बसवराज, ह्याला ताप आला काय?"

"तसंच समजा ताई. गरम झाला की बंद पडून राहिलाय. सकाळपासून हेच चालू हाय."

थट्टा करायची ती वेळ नव्हती, पण माझं तोंडच तसलं आहे. जन्म अंगणवाडीत गेला, पोरांशी बोलायचा तोच आवाज सगळ्या मुरुडाला ऐकवत फिरते. बाकड्यावर माझा धाकटा भाऊ श्रीमंत बसला होता. टोपी काढून गुडघ्यावर ठेवलेली आणि नजर दाराबाहेर. त्याला मी घरून दंडाला धरून आणला होता. मला एकटीला बसवराजनं फोटो दिला नसता. पोरीचा फोटो बापाशिवाय कुणाच्या हातात द्यायचा नाही, हा त्याच्या स्टुडिओचा नियम. मागं कुणीतरी कुणाचा तरी फोटो नेऊन भलतंच केलं होतं, तेव्हापासून त्यानं कानाला खडा लावलेला. सख्खी आत्या असले तरी मी आत्याच.

पुनम म्हणजे श्रीमंतची थोरली. संक्रांतीनंतर नांदेडला मैत्रिणीकडं जाऊन येते म्हणून एसटीत बसली, ती आलीच नाही. फोन बंद. मैत्रीण म्हणाली, ती माझ्याकडं आलीच नव्हती. चौकीत तक्रार दिली, मोबाईलवर सगळीकडं फोटो फिरवला, लातूर झालं, नांदेड झालं, लेकरू हाताला लागलं नाही. आता चैत सरत आला होता. माझी भावजय गुणाबाई दर मंगळवारी कडक उपास धरत होती आणि एसटीचा हॉर्न वाजला की भाकरी तव्यावर सोडून दारात येत होती.

आणि आदल्या दिवशी मला काय कळलं? मी चौकीत गेले होते, एकटीच. म्हटलं, बघावं तरी काय चाललंय. हवालदारानं तक्रार काढून वाचून दाखवली. नाव, वय, उंची, अंगावर अबोली रंगाचा ड्रेस. आणि पुढं, ओळखीची खूण, काही नाही.

मी म्हटलं, "परत वाचा."

त्यानं परत वाचलं. काही नाही.

पुनमला डाग होता. ओठाच्या डाव्या कोपऱ्यापासून खाली हनुवटीपर्यंत, पांढरा. कोड म्हणायचं नाही असं घरात सगळ्यांनी ठरवून घेतलं होतं. आम्ही म्हणायचो, भाजलंय. लहान होता तेव्हा चाललं, मग वाढायला लागला. पोरगी ओढणी नाकापर्यंत घ्यायला शिकली. हसताना तोंडावर हात. घरातल्या मोबाईलवर तिचे फोटो कमी नव्हते, पण एकातही डाग सापडणार नाही. एकतर हात, नाहीतर ओढणी, नाहीतर ते गोरं करून दाखवणारं मोबाईलमधलं काहीतरी. ज्यात दिसला तो फोटो गुणाबाई लगेच काढून टाकायची. आणि चौकीत जो दिला, गावोगावी जो फिरला, तो होता स्थळाचा फोटो. बसवराजनं साफ केलेला. रंग दोन हात उजळ, डाग गायब, अंगावर दुसऱ्याच बाईची साडी चिकटवलेली. त्या फोटोवरून तिला कोण ओळखणार? ती रस्त्यात भेटली असती तर मीसुद्धा ओळखलं नसतं.

ह्याच फोटोपायी तिचं एक स्थळ मोडलं होतं. निलंग्याची माणसं फोटो बघून आली, चहा घेतला, पोरीकडं बघितलं आणि त्यांच्यातली म्हातारी सगळ्यांसमोर म्हणाली, "फोटोत एक आन् समोर एक." पुनम ट्रे हातात धरून उभी होती. त्याच पंधरवड्यात ती नांदेडला गेली.

मी चौकीतून तडक श्रीमंतच्या घरी. त्याला ओट्यावरच धरला. "खूण न्हाई म्हणून सांगितलंस? बापा, पोरगी हरवली हाय, लग्नाला उभी न्हाई."

तो खाली बघत म्हणाला, "अक्का, तिथं लिहिलं की गावभर होतंय. आरतीला अहमदपूरचं स्थळ आलंय. थोरलीला कोड म्हन्लं की धाकटीला कोन करील?"

मला असा राग आला की त्याला तिथंच दोन ठेवून द्याव्या. पण डागाचं ऐकून हवालदारानं सांगितलं होतं, डाग दिसतोय असा फोटो आणा, मी सगळ्या ठाण्यांना परत पाठवतो. म्हणून राग गिळला. असा फोटो जगात एकाच ठिकाणी असणार होता. बसवराजच्या कंप्युटरमध्ये, साफ करायच्या आधीचा.

"कच्चे फोटो मी नव्यात घेतच नव्हतो ताई," बसवराज म्हणाला. "तयार फोटो तेवढे घेतले. कच्चे लई जागा खातेत. आज संध्याकाळी हा जुना डबा भंगारात जाणार व्हता."

"मग आज आलो ते बरं झालं."

"पन सापडंल का सांगता येत न्हाई. ह्याच्यात बघायला गेलं की फोटो उघडायच्या आत बंद पडतो. सगळे कच्चे आधी नव्यात ओढतो, मग निवांत हुडकू."

त्यानं माऊस फिरवला. पडद्यावर एक हिरवी पट्टी आली आणि रांगायला लागली. खाली नावं पळत होती. पोरींचे फोटो बसवराज बापाच्या नावानं ठेवतो. पोरीचं नाव कुठंच नाही. भीमाशंकर, श्रीमंत, हरिओम, परत श्रीमंत. मुरुडाच्या आसपास श्रीमंत काय थोडे आहेत? प्रत्येक श्रीमंतला मी पुढं वाकायची. नाव पुढं जायचं आणि पट्टी जराशी सरकायची.

बाहेर ऊन असं होतं की रस्त्यावर कुत्रं नव्हतं. बसवराज म्हणाला, "चहा सांगून येतो, तवर नजर ठिवा," आणि बाहेर गेला. मी पदरानं वारा घेत पट्टीकडं बघत बसले. निम्म्याच्या पुढं गेली होती. मग मला वाटलं, खोलीतला आवाज कमी झालाय. बघते तर टेबलफॅन फिरायचा थांबत होता. श्रीमंतचा हात बटणावर.

"काय करून राहिलास?"

त्यानं बटणावरचा हात काढला नाही.

मी उठले, त्याचा हात झटकला आणि फॅन चालू केला. कंप्युटरच्या पोटातून झळा येत होत्या, हात धरवत नव्हता. "अरे, अहमदपूरच्या त्या माणसांपायी तू पोटच्या पोरीचा माग पुसायला निघालास? माणूस हायस का कोण हायस?"

"जाऊ दे ना अक्का. बंद पडला म्हणून सांगू. घरी जाऊ."

"घरी गुणाबाईला काय सांगायचं?"

"तेच. बंद पडला."

मी म्हटलं, आता तू बाकड्यावर बस आणि हात मांडीखाली घे. अंगणवाडीतल्या पोराला सांगावं तसं सांगितलं, आणि त्यानं ते तसंच ऐकलं. पन्नाशीचा बाप्या, हात मांडीखाली घेऊन बसला. तेव्हा मला त्याची कीव नाही आली. चीड आली. आता आठवलं की कीव येते.

बसवराज चहा घेऊन आला तेव्हा पट्टी संपत आली होती. एकदा थांबली. आम्ही तिघंही तिच्याकडं बघत होतो. मग परत सरकली आणि एकदम गेली. बसवराज म्हणाला, "आलं सगळं," आणि जुन्याचं बटण बंद केलं. त्यानं नव्या कंप्युटरवर श्रीमंत नावाचे सगळे उघडायला घेतले. कुणाकुणाच्या पोरी. घाबरलेल्या, घामेजलेल्या, केसांना भरपूर तेल लावलेल्या, कुणाला वांग, कुणाच्या कपाळावर जखमेचा वण. एकीचा एक डोळा तिरळा. ह्या सगळ्यांना मी लग्नाच्या पत्रिकांवर बघितलं असेल, पण अशा नाही बघितल्या.

आणि मग पुनम.

स्टुलावर बसलेली. ओढणी खांद्यावर, कारण बसवराजनं सांगितलं असणार, ओढणी काढ म्हणून. तोंडावर हात नाही. सरळ समोर बघत होती. नव्या पडद्यावर ती इतकी स्वच्छ आली की ओठावरची लव दिसत होती. आणि डाग. मला माहीत होता त्यापेक्षा मोठा झालेला, कडेला जरा गुलाबी. किती दिवस मी पोरीकडं नीट बघितलं नव्हतं, हे मला तेव्हा कळलं. माझे डोळे भरून आले आणि मी ते पुसले नाहीत.

"हीच की," बसवराज म्हणाला. मग त्याचा माऊस आपोआप डागाजवळ गेला. "ताई, थोडं साफ करून देऊ का? लई न्हाई, जरासं."

"बसवराज, हात लावशील तर बघ."

तो ओशाळला. "सवय हाय ताई. वाईट मानू नका." त्यानं मशीनवर फोटो तसाच्या तसा कागदावर काढून दिला. मग म्हणाला, "मोबाईलवर टाकू? म्हंजे तिथून हवालदारसायबाला लगेच जाईल."

मी मोबाईल पुढं केला. तेव्हा श्रीमंत बोलला. बाकड्यावरूनच, पडद्याकडं न बघता.

"अक्का, पाठवू नको."

"परत तेच?"

"तसं न्हाई. पोलिसांकडं हाय."

"काय हाय?"

"तिचा फोटो. डागासकट." मग तो थांबला आणि टोपीची कड चाचपत म्हणाला, "मेल्यावरचा."

बसवराज माझ्याकडं बघायला लागला, मग उठला आणि बाहेर जाऊन पायरीवर बसला. मी तिथंच उभी. पुनम पडद्यावरून आमच्याकडं बघत होती.

त्यानं जे सांगितलं ते तुटक तुटक सांगितलं, मी जोडून सांगते. शिमग्याच्या आधी त्याला नांदेडच्या एका ठाण्यातून फोन आला होता. हरवलेल्या पोरींच्या बापांना ते एकेकाला बोलावत होते. गोदावरीत एक बाई सापडली होती. हा घरी सांगून गेला, तूर बाजारात घालायला लातूरला चाललोय. तिथं त्याला आधी फोटो दाखवले, मग आत नेऊन खरीखुरी दाखवली. तिथल्या माणसानं हातातला कागद बघितला आणि म्हणाला, तुमच्या तक्रारीत खूण नाही लिहिलेली, हिला तर तोंडावर कोड आहे. ही तुमची नसणार, तरी बघून सांगा.

"मग?"

"मी न्हाई म्हन्लो."

"ओळखली न्हाईस?"

"ओळखली की. पायावरून सुदा ओळखली असती." तो पहिल्यांदा माझ्याकडं बघून बोलला. "अक्का, मी हाव म्हन्लो असतो तर ती मेली असती. तो मानूसच म्हन्ला, तुमची नसनार. मला वाटलं, हा म्हन्तोय तर नसंल. मी न्हाई म्हन्लो, आन् भाईर आलो. भाईर आल्यावर परत आत जायचं धाडसच न्हाई झालं."

"आन् आरतीचं स्थळ?"

"ते बी व्हतंच डोक्यात. खोटं कशाला बोलू."

मी त्याला मारलं. पाठीत, लहानपणी मारायची तसं, मूठ वळून. त्यानं मारून घेतलं. माझाच हात दुखला.

"आता कुठं हाय ती?"

"काय दिवस ठेवतेत. कोन आलं न्हाई की तेच उरकतेत. तसं सांगितलं व्हतं मला."

म्हणजे बाप दारापर्यंत जाऊन आला आणि पोरगी बेवारस म्हणून गेली. परक्या माणसांनी उचलली, परक्यांनीच माती केली, नावाच्या जागी कुणीतरी आकडा टाकला असेल. आम्ही इकडं मुरुडात बसून लोकांच्या मोबाईलवर एका गोऱ्या, बिनडागाच्या पोरीचा फोटो पाठवत होतो. तसली पोरगी आमच्या घरात जन्मलीच नव्हती. ती कुणाला सापडणार होती?

आम्ही घराकडं निघालो. तो माझ्या मागं मागं येत होता. मी मनात ठरवत होते की गुणाबाईला आधी बसवायचं, पाणी द्यायचं, मग हळूहळू. पण ती दारातच होती, चाळणी हातात घेऊन. "वन्सं, सापडला का फोटो?" तिनं इतक्या आशेनं विचारलं की माझं ठरवलेलं सगळं गेलं. मी म्हटलं, "सापडला गुणाबाई. पण पोरगी गेली आपली."

आणि सगळं सांगून टाकलं. तिथंच, उंबऱ्यावर. नांदेड, गोदावरी, ह्यानं काय केलं ते. आतून आरती आली आणि भिंतीला टेकून उभी राहिली. स्थळासमोर नेसायची साडी तिच्या हातात होती, इस्त्री अर्धी झालेली.

गुणाबाईनं चाळणी खाली ठेवली. मला वाटलं हंबरडा फोडेल, मी तिला धरायला पुढं झाले. ती म्हणाली, "फोटो बघू." मी कागद दिला. तिनं तो पदरानं पुसला, काही नव्हतं त्याच्यावर, तरी पुसला. "लई वाढला व्हता की," ती म्हणाली. "मी तेल लावून उन्हात बसवायची. म्हन्ली, आई, भाजतंय. मी म्हन्ले, भाजू दे." मग तिनं नवऱ्याकडं बघितलं. "कवा?"

"शिमग्याच्या आधी."

"शिमग्याला तुमी पोळी खाल्ली."

श्रीमंतनं मान खाली घातली. 

"आरती, फोन आन."

आरतीनं आणला. "त्या मध्यस्थाला लाव. अहमदपूरच्या उमाशंकरला." श्रीमंत पायरी चढून पुढं आला, "गुणा, आता कशाला," म्हणाला. ती त्याच्याकडं न बघता फोन कानाला लावून उभी राहिली. पलीकडून आवाज आला तसं ती बोलायला लागली, एकेक शब्द सावकाश, लहान लेकराला पत्ता सांगावा तशी.

"मी मुरुडाहून बोलून राहिले, आरतीची आई. गुरुवारी पाव्हन्यांना आनू नका. आमच्या घरी सुतक हाय. थोरली लेक गेली आमची. पुनम. न्हाई, आजारी नव्हती, पाण्यात गेली. आन् तिला कोड व्हतं. हाव, कोड. तोंडावर. भाजलेलं न्हाई, आमी खोटं सांगत व्हतो. पाव्हन्यांना सगळं सांगा. मग यायचं तर येतेल, न्हाई तर न्हाई."

तिनं फोन आरतीच्या हातात दिला. आरती रडत होती, पण आवाज येऊ देत नव्हती. शेजारच्या दारात माणसं उभी राहायला लागली होती. त्यांनी ऐकलं होतं. गुणाबाईनं त्यांच्यापासून तोंड लपवलं नाही.

"वन्सं, पाणी काढा," ती म्हणाली. "आंघोळी करू. आज कळलं तर आजपासून धरायचं." मी मागच्या दारी गेले, हौदातलं पाणी घागरीत भरलं. आरती पुनमचं नाव घेत माझ्याजवळ येऊन बसली. गुणाबाई केस सोडत ओसरीत थांबली होती. तिनं नवऱ्याला विचारलं, "तुमी करनार का?"

श्रीमंतनं खांबाला हात टेकला. मग म्हणाला, "माझी झालीय. त्याच दिवशी. नांदेडच्या स्टँडवर, नळाखाली डोस्कं धरलं व्हतं."

म्हणजे त्यानं पोरीच्या नावानं आंघोळ केली होती. एकट्यानं, चोरून. स्टँडवरच्या नळाखाली, पान थुंकणाऱ्या माणसांत. गुणाबाई त्याच्याकडं बघत राहिली. मला वाटलं, आता तरी ती त्याला जवळ घेईल, नाहीतर मारेल, काहीतरी करेल.

"मग तुमी भाईर बसा," ती म्हणाली, आणि आमच्याकडं येऊन खाली बसली. मी तिच्या डोक्यावर पहिली घागर ओतली. मग आरतीच्या.